पिंपळगाव ते न्हावा शेवा : कंटेनरसोबत एक रात्र

सात हंगाम युरोपला द्राक्षं पाठवतोय, पण पॅकहाऊसचं दार ओलांडलं की पुढचं सगळं मला फोनवरच कळायचं. "गेट-इन झालं" (कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला), "जहाज सुटलं", विषय संपला. यंदा मार्चमध्ये ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून न्हावा शेवा बंदरापर्यंत गेलो.

रिकामा रिफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर बंदराकडच्या यार्डातूनच पिंपळगावला येतो, म्हणजे भाडं दोन्ही बाजूंचं लागतं. तो आल्या आल्या आत शिरा आणि बाहेरून दारं लावून घ्या. अंधारात कुठून उजेडाची तिरीप दिसली, तर तिथूनच पुढे गारवा गळणार. वासही घ्या. आधीच्या फेरीतल्या मासळीचा वास उरला असेल, तर कंटेनर तिथल्या तिथे परत करा. आमचा चांगला निघाला.

सकाळी खुडलेला माल प्री-कूलिंगमध्ये शून्याच्या आसपास आणला होता. पनेट म्हणजे द्राक्षांचा छोटा डबा, त्यावर बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड, मग खोकी, मग खोकी रचायची लाकडी फळी, म्हणजे पॅलेट. वीस पॅलेट, साधारण तेरा टन. भरताना घाई लागते ती इथेच, कारण रिफरचं मशीन थंड माल थंड ठेवतं, गरम माल थंड करणं त्याचं काम नाही. तापमान नोंदत जाणारा डेटा लॉगर मी स्वतः चालू करून दाराजवळच्या पॅलेटमध्ये ठेवला. सील लावल्यावर त्याचा फोटो काढला. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला.

रात्री साडेनऊला निघालो. ड्रायव्हर सिन्नरकडचे, वयाने मोठे, मी मामा म्हणत होतो. के. के. वाघ कॉलेजपासून उड्डाणपूल लागला की नाशिक शहर कसं मागे पडतं ते कळतही नाही. जेवण घोटीच्या आधी उरकून घ्या. कसारा घाटात मामांनी गिअर खाली टाकला आणि शेवटपर्यंत तसाच ठेवला. "शेठ, गाडी थांबली तरी चालंल, जेनसेट थांबला नाय पायजे." रस्त्यावर कंटेनरला वीज देतो तो हा डिझेल जनरेटर. बंदरात आणि जहाजावर प्लग मिळतो. त्यामुळे दर थांब्याला खाली उतरून डिस्प्लेवरचं तापमान बघत गेलो.

वडपे ते ठाणे पट्ट्यात अडकायचं ते अडकलोच. ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते आणि त्या वेळा बदलतात. निघण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली करत सव्वादोनशे किलोमीटरला पहाटेचे पाच वाजले.

मग गाडी उभी राहिली ती दुपारी दीडपर्यंत.

गेटवर द्यायच्या फॉर्म १३ मध्ये आमच्या सीलच्या नंबरातला एक अंक चुकला होता. कंटेनरच्या नंबरात शेवटचा अंक तपासणीचा असतो, चार अक्षरं आणि सहा आकडे यांच्या हिशेबातून तो येतो. त्यामुळे टाइप करताना झालेली चूक बहुधा पकडली जाते. सीलच्या नंबराला तसला पहारेकरी नाही. सीएचएचं, म्हणजे आमच्या कस्टम्स एजंटचं ऑफिस उघडेपर्यंत काही हलणार नव्हतं. रात्रीचा तो फोटो मी त्यांच्या पोराला पाठवला, त्याने दुरुस्ती केली आणि संध्याकाळच्या कट-ऑफच्या, म्हणजे कंटेनर आत घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या आत गाडी लागली. नाहीतर जहाज चुकलं असतं, आणि पुढच्या जहाजापर्यंतचं भाडं व प्लगचे पैसे माझ्याच नावावर पडले असते. रस्ता साडेसात तासांचा, थांबा साडेआठ तासांचा. मालाआधी कागद पोचायला हवेत, हे मी ऐकून होतो. आता त्याची किंमत कळली.

म्हणून कागद निघायच्या आदल्या दिवशीच समोरासमोर ठेवून वाचा. कृषी विभागाचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचा दाखला), ॲगमार्क (प्रतवारीचा दाखला), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), आणि वजनाची व्हीजीएम पावती. १ जुलै २०१६ पासून तिच्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही. कस्टम्सची निर्यात परवानगी, म्हणजे एलईओ, मिळाल्याशिवायही चढत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मात्र कंटेनर चढल्यावर मिळतं आणि बँकेला तेच हवं असतं.

गेटच्या आत मला जाता आलं नाही. पास लागतो. लांबून क्रेन दिसल्या, तेवढंच.

पुढचा प्रवास मोबाईलवर नंबर टाकून बघतोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि रोटरडॅमला पोचायला दोन आठवड्यांपर्यंत जास्त लागायला लागले. आमचंही त्याच वाटेने गेलंय. एवढ्या दिवसांत देठ हिरवा राहायला हवा, कारण तिथे दार उघडल्यावर आधी देठ बघतात आणि त्या रिपोर्टवरच भाव ठरतो.

परतीला पनवेलहून एसटी पकडा. मामांना रिकामा कंटेनर घेऊन लगेच पिंपळगावला निघायचं होतं, पण माझ्यात पुन्हा केबिनमध्ये बसायची ताकद नव्हती.