बार तेवढेच, जागा चुकलेली

नाशिकजवळच्या साइटवर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. सकाळी साडेसातला काँक्रीटची पहिली गाडी फाटकात शिरली आणि मी शेवटची फेरी मारायला वर गेलो. बाल्कनीचे लोखंडी बार आदल्या संध्याकाळी मीच तपासले होते: १० मिलिमीटरचे, दर १५० मिलिमीटरला, वरच्या थरात. आता पाय ठेवला तर जाळी झुलली. नंतर वायरिंगचे पाइप टाकणारे तिच्यावरून ये-जा करून गेले होते; जाळी उचलून धरणारे खालचे आधार, म्हणजे चेअर, आडव्या पडल्या होत्या. टेप लावला. शटरिंगपासून, म्हणजे खालच्या साच्यापासून, १०० मिलिमीटरवर हवे असलेले बार ६० वर आले होते.

"काँक्रीट टाकायचं नाही," मी म्हणालो.

तरुण फिटर गोंधळला. "साहेब, बार तर तेवढेच आहेत. एकही कमी नाही."

खरंच होतं, आणि धोका तिथेच होता. मुकादम मामांनी निंबाची ओली काडी आणली, एक टोक मुठीत घट्ट धरलं, दुसरं खाली दाबलं. वरची साल ताणून फाटली, खालच्या सालीला सुरकुत्या पडल्या.

"मूठ म्हणजे भिंत. फाटलं कुठं? वर. मग लोखंड कुठं पायजे?"

पोरगा काडीकडे बघत राहिला.

काँक्रीट दाबाला पक्कं. आमचं एम-२५ प्रतीचं काँक्रीट चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतं. ताण मात्र जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. तो ताण पोलादाने घ्यायचा. तेच पोलाद ४ सेंटिमीटर खाली गेलं, तर बाल्कनीची ताकद ४० टक्क्यांच्या आसपास घटते, आणि एकदा काँक्रीट पडलं की ते कुणालाच दिसत नाही. मला आजही याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

ती गाडी खालच्या पीसीसीकडे, म्हणजे बिनलोखंडाच्या साध्या काँक्रीटच्या कामाकडे, वळवली. नव्या चेअर बांधल्या, चालायला फळ्या टाकल्या, दुपारी स्लॅब भरला.

तीन आठवड्यांनी टेकू काढायची वेळ आली. भिंतीकडचे आधी काढले, तर बाल्कनी भिंत आणि कडेचे टेकू यांच्यावर पुलासारखी पडते. मग ताण खालच्या बाजूला येतो, जिथे तो पेलायला पुरेसं लोखंडच नसतं. हे सांगायला मी जिना चढून वर पोचलो, तेव्हा तो पोरगा कडेचा पहिला टेकू सैल करत होता.