शेवटच्या फेरीतलं बळ

अंबाजोगाईत पहाटे मैदानावर भरतीची पोरं पळतात. पोलीस भरतीतले १६०० मीटर म्हणजे त्यांचा उठता-बसता घोर. चार फेऱ्यांतली तिसरी बघवत नाही. तोंड वासलेलं, मान एका अंगाला पडलेली, पाय नुसते ओढत चाललेले. आता हे खाली बसतंय असं वाटतं, आणि शेवटचे दोनशे मीटर उरले की तेच पोरगं सुसाट सुटतं. टपरीवर चहा पीत बसलेले एक बाबा परवा एकाला म्हणाले, "मघाशी तर मरायला लागलता की रे, आता कुठून आलं एवढं बळ?" पोरगं नुसतं हसलं. बोलायला दम कुठं होता!

बाबांचा प्रश्न मात्र बिनतोड. तिसऱ्या फेरीत पाय खरोखर रिकामे झाले असते, तर चौथीत वेग पडायला हवा होता. तो वाढतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस पळाला. अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून एवढ्या उड्या मारून झाल्यावरही शेवटी असा सुटला, की सुवर्ण सेकंदाच्या फक्त पाच शतांशांनी हुकलं. म्हणजे कुठंतरी काहीतरी राखून ठेवलेलं असतं. राखतं कोण?

आमच्या घरी पाण्याचा कारभार आजीकडं होता. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं रांजणात चांगली दोन कळश्या शिल्लक असतानाच ती "पाणी संपलं!" म्हणून जाहीर करायची. आम्हाला ते खरं वाटायचं. मेंदूचा कारभार याच धर्तीचा आहे, असं दक्षिण आफ्रिकेचे शास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकात मांडलं. त्यांच्या मते हृदयाला, स्नायूंना इजा होण्याच्या कितीतरी आधी मेंदू स्नायूंना जाणारे हुकूम आखडते घेतो आणि आपल्याला थकवा जाणवून देतो. हृदय वाचवणारा असा कुणी नियामक असावा, ही कल्पना नोबेलविजेत्या ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकातच बोलून दाखवली होती. नोक्स यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. मेंदूत असा एखादा वेगळा मुकादम बसलेला नाही, किती कष्ट पडताहेत आणि किती सोसायची तयारी आहे एवढ्यावरच माणूस थांबतो, असं म्हणणारेही आहेत. मला भांडणात पडायचं नाही. थांबण्याचा निकाल एकट्या पायांत लागत नाही, इतकं दोन्हीकडचे मानतात.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २००९ चा. थकलेल्या स्नायूंतून बारीक मज्जातंतू सतत वर कळवत असतात, की इथं आम्ल वाढलंय, ताण पडतोय. मार्कुस आमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या मणक्यात फेंटानिल हे वेदना मारणारं औषध टोचून पायांकडून येणारे हे निरोपच अडवले. पायांची ताकद शाबूत, तक्रार तेवढी बंद. गडी मोकाट सुटले. पहिल्या टप्प्यात नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, पुढं तो ओसरला, आणि पाच किलोमीटर संपायला एकूण वेळ जवळपास तेवढाच लागला. फरक नंतर दिसला. स्नायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त थकले होते आणि सायकलवरून उतरल्यावर काहींना धड चालताही येईना. आजीला कोंडून ठेवून रांजण उपसल्यावर दुसरं काय होणार!

म्हणून "थकवा सगळा मनाचा असतो" असं माईकवरून ओरडणाऱ्यांचा मला राग येतो. मेंदूत आहे म्हणजे खोटं आहे, हे कुणी सांगितलं? ऊसतोडीला गेलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिला कुणी मनोबलाचं व्याख्यान देऊ नये. तिच्या थकव्यात उपाशी पोट आहे, अपुरी झोप आहे, रक्त कमी आहे, आणि मेंदू हे सगळं जमेला धरूनच "बस्स कर" म्हणत असतो.

डोक्याला शीण झाला की अंगही लवकर हरतं, हे मास्तर लोकांना सांगायला नको. इटलीत तुरीन इथं आंजेलो मोसो बोटानं वजन उचलायला लावून थकवा मोजायचे. त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसलं, की दिवसभर विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट नेहमीपेक्षा लवकर दमतं. परीक्षा डोक्यानं घेतली, दमलं बोट. २००९ मध्ये सॅम्युएले मार्कोरा यांनी लोकांना आधी दीड तास संगणकावर डोकं खायला लावणारं काम दिलं आणि मग सायकलवर बसवलं. हृदय, रक्त सगळं नेहमीसारखं. पण मेहनत मात्र सुरुवातीपासूनच जड वाटली आणि मंडळी लवकर उतरली.

याच्या उलटही घडतं. उन्हातून आलेल्याच्या हातावर आपल्याकडं गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवतात. खडा जिभेवर विरघळेपर्यंत माणूस टवटवीत दिसायला लागतो, आणि पोटातून साखर पायांपर्यंत पोचायला तर अजून वेळ असतो. इंग्लंडमध्ये २००४ साली सायकलपटूंना पिष्टमय पाण्यानं नुसती चूळ भरायला लावली, एक थेंब गिळायचा नाही. तासाभराच्या शर्यतीत ते सुमारे तीन टक्के लवकर पोचले. त्या पाण्याला म्हणण्यासारखी गोडीसुद्धा नव्हती. माल येतोय अशी वर्दी तोंडानं दिली आणि मेंदूनं हात सैल सोडला.

सगळा हिशोब पुढं किती उरलंय यावर चालतो. पळणाऱ्यांना दहा मिनिटं सांगून दहाव्या मिनिटाला "अजून दहा" म्हटलं, तर तोच वेग एकाएकी जड होतो, हेही तपासून झालंय. आपल्याकडं यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी निघा आणि वाटेत कुणालाही विचारा, "किती राहिलं?" उत्तर एकच: "हे काय, आलंच की!" असली दोन 'आलंच' ऐकली की पोटऱ्यांत गोळे यायला लागतात. माझी मावशी दरवर्षी पोरांचा घोळका घेऊन जाते, ती उलटं करते. आठ किलोमीटर उरले असले की खुशाल बारा सांगते. पोरं कुरकुरतात, पाय आपटतात, तिच्यावर चिडतात. मग गाव बरंच आधी दिसायला लागतं आणि तिला मागं टाकून सगळी पळत सुटतात. "हळू रे, पडचाल!" म्हणून ती मागून ओरडत राहते.