तुम्ही विचारलंत म्हणून: पाटी लागते तेव्हा मासे असतात

‘अडीच वाजले नाहीत तोवर “जेवण संपले”ची पाटी? वहिनी, तुम्हाला धंदा करायचाय की नाही?’

लग्न होऊन मी मालवणात आले 1998 साली. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि कुडाळला उतरून रिक्षा-एसटीने येणारी मुंबईची माणसं आमच्या खानावळीत दिसू लागली. हा प्रश्न तेव्हापासून ऐकतेय. आजवर हसून वेळ मारून नेली, कारण खरं उत्तर गिऱ्हाइकाला ऐकायला बरं वाटणार नाही. पाटी लागते तेव्हा आत मासे असतात. स्टीलच्या परातीखाली झाकलेल्या बारा तुकड्या. त्या तुम्हाला मिळणार नसतात, एवढंच.

त्यांना आमच्या घरात ‘मागची पानं’ म्हणतात. मासे साफ करणारी बाई, वाटप वाटणाऱ्या दोघी, वाढपी पोरं, भांडी घासणारा आणि आम्ही घरचे मिळून बारा जण होतो. पुढे सुरमई वाढली असेल तर मागे सुरमई, बांगडा असेल तर बांगडा.

ही सासऱ्यांची पद्धत. त्यांनी खानावळ काढली ती नऊ मेंबरांवर. कोर्टातले कारकून, बँकेतले, घाटावरून बदलून आलेले मास्तर असे महिन्याचे पैसे भरून दोन्ही वेळा जेवणारे. पर्यटक वगैरे शब्दच नव्हता. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला 1997 साली. तर एका दुपारी सासरे हात धुवायला मागच्या पडवीत गेले. मासे साफ करणारी बाई खवल्यांच्या टोपलीशेजारी बसून जेवत होती. पानात भात आणि कैरीचं लोणचं. सकाळपासून तिनेच सुरमया साफ केल्या होत्या. सासरे मुळात कमी बोलणारे. रात्री सासूबाईंना एवढंच म्हणाले, “पुढच्यांक इसवण आनि मागच्यांक लोणचां? ह्यां बरां नाय.” इसवण म्हणजे सुरमई. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या पडल्या की आधी मागच्या मोजायच्या आणि उरतील त्या विकायच्या, असं सुरू झालं. उलटं नाही.

हिशेब सोपा आहे. चार किलोच्या सुरमईच्या धडशा पंचवीस-सव्वीस तुकड्या पडतात. डोकं आणि शेपूट कालवणात जातं, चव तिथेच असते, पण ते ताटात मोजता येत नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलावात भाव चढला तर आम्ही दोनच सुरमया घेतो. त्यातल्या बारा तुकड्या वजा करा. राहिलेल्यात तुमची बस एकला आली तर ठीक, अडीचला आली तर पाटी.

‘मग डीप फ्रीजर घ्या ना!’ हे वाक्य तर ठरलेलंच. फ्रीजर आहे हो, आइस्क्रीमसाठी. मासा ठेवता येईलही, सोलकढीचं काय करणार? नारळाचं पहिलं दूध काढून त्यात कोकमाचं आगळ घातलं की मालवणच्या उन्हात तिला दुपारपुरतंच आयुष्य. संध्याकाळी तीच पुढे केली तर सासूबाई वासावरूनच ओळखतात, आणि मग माझी धडगत नसते. पावसाळ्यात 1 जूनपासून यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो तेव्हा आम्ही सुका बांगडा, गोलमा म्हणजे सुकी बारीक कोळंबी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि कोंबडीवडे करतो. तेव्हाही सुरमई मागणारे येतात. त्यांच्यासाठी परराज्यातला बर्फातला मासा आणून ‘ताजा’ म्हणून वाढणं अवघड नाही. कोण ओळखणार? मागे जेवणारे बारा जण ओळखतात. ही सोय मला उशिरा कळली: जे आपल्या माणसांना वाढायचंय, त्यात खोटं करता येत नाही.

हे सगळं मला पहिल्यापासून पटत होतं असं समजू नका. मी कोल्हापूरकडची, गल्ला मोकळा सोडणं जिवावर यायचं. एका 26 डिसेंबरला, नाताळच्या गर्दीत, रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि सासूबाई माजघरात पाठ टेकून होत्या. मी परात उचलली आणि बाराच्या बारा तुकड्या तळायला दिल्या. गल्ला त्या दिवशी जड झाला. साडेतीनला सगळे मागे जेवायला बसले तेव्हा पातेल्यात नुसती आमटी होती. कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई म्हणाल्या, “माका भूक नाय,” आणि उकड्या तांदळाची पेज घेऊन चुलीपाशी बसल्या. दुसऱ्या दिवशी वाटपवाल्या दोघी तासभर उशिरा आल्या. उशीर का झाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आमचं घर फारच सोन्याचं वाटेल. ‘घरचा धंदा’ या शब्दात घरच्या बायकांचा पगार मुरतो. वाटपवाल्यांना मजुरी मिळायची, मला ‘तुझंच तर आहे सगळं’ मिळायचं. अकरा वर्षं तेच खाल्लं. मग एकदा महिनाअखेरीला पाकिटं भरताना मी माझ्या नावाचं एक रिकामं पाकीट रांगेत ठेवलं. नवऱ्याला वाटलं मी चेष्टा करतेय. सासूबाईंनी ते उचललं, त्यात पैसे घातले, आणि शेजारी आणखी एक रिकामं ठेवलं. स्वतःचं. आजही दोन्ही पाकिटं भरतात. दुपारच्या पानांचा नियम पाळणाऱ्या घराला हे सुचायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न मात्र कुणी गिऱ्हाईक विचारत नाही.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलाय. पुण्यात शाखा काढायची म्हणतो. जागा पाहिलीय, मसाला इथून पाठवू म्हणतो. मे महिन्यात गच्चीवर बेडगी-संकेश्वरी मिरच्या वाळवायला तोही असतो, त्याला कळतं त्यातलं. मी नाही म्हटलेलं नाही. तिथे मागे किती पानं बसणार, तो आकडा आधी लिहून आण म्हटलंय. त्याच्या कागदावर खुर्च्या, भाडं, चिमणी, सगळं आहे. तो रकाना अजून कोरा आहे.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ हात धुवायला मागे आले आणि झाकण सरकलेली परात त्यांना दिसली. “हे काय मग?” आवाज चढला. सासूबाईंनी पाट सरकवला. “ह्यां आमचां जेवाण. बसा आमच्यावांगडा, माझी तुकडी घेवा.” ते बसले नाहीत. फोनवर आम्हाला एक तारा देऊन गेले. त्यांच्या मागून आलेली त्यांची आई मात्र बसली. पेज घेतली, अर्धी तुकडी घेतली, आणि गाडीचा हॉर्न तीनदा वाजला तरी काटे सावकाश काढत होती.