जर्मनच्या डब्यातला रेडिओ

परवा पिठाचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा रिकामा केला आणि त्यात ट्रान्झिस्टर ठेवला. आकाशवाणी नागपूर लागलेलं, ५८५ किलोहर्ट्झ. झाकण लावलं तशा बातम्या देणाऱ्या बाई अर्ध्या वाक्यात गप्प. काढलं की पुन्हा सुरू.

"काय करून राहिले जी तुम्ही? अन् माझं पीठ कुठं काढून ठेवलं?" बायको ओट्यापाशी उभी होती.

हे सगळं पुतणीमुळे. ती इथल्याच विद्यापीठात फिजिक्समध्ये एमएस्सी करते. दिवाळीला फराळाला आली तेव्हा म्हणाली, "काका, एक गोष्ट सांगू? थेट तुमच्या धंद्यातली आहे." नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळ मी चौतीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. फिजिक्सवाल्यांना आमच्या धंद्याशी काय करायचं, असं मला वाटलं होतं.

उत्तर जर्मनीत ओल्डेनबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात हेन्रिक मॉरिट्सेन यांची मंडळी रॉबिन पक्ष्यांवर काम करतात. हा चिमणीएवढा पक्षी रात्री स्थलांतर करतो आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतो, हे १९६० च्या दशकातच फ्रँकफर्टला दिसलं होतं. तपासायची रीत मला फार आवडली. स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्याला नरसाळ्यासारख्या भांड्यात ठेवायचं. आतून कागद लावलेला, पावतीच्या मशीनमध्ये असतो तसला. पक्षी ज्या दिशेला जायला धडपडेल तिकडे नखांचे ओरखडे जास्त उमटतात. सकाळी ओरखडे मोजायचे.

तर ओल्डेनबर्गच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत ओरखडे चारी बाजूंना सारखेच येत होते. पक्ष्यांना दिशाच कळेना. मग एका संशोधकानं सुचवलं, खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोका आणि अर्थिंग द्या. पत्रे ठोकले, आणि पक्षी ठरल्या दिशेला तोंड करू लागले. अर्थिंगची वायर सोडली की पुन्हा भरकटले! ओरखडे मोजणाऱ्याला कोणता कागद कुठल्या अवस्थेतला हे ठाऊक नसायचं, म्हणजे मनाची समजूतही नाही. सात वर्षं तपासून २०१४ साली त्यांनी ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं.

हे ऐकून मी पुतणीला आतल्या खोलीतून एक जुनी आयएफटी आणून दाखवली. रेडिओतली ही इवलीशी कॉइल, वर अ‍ॅल्युमिनियमची डबी. डबीचा पाय चेसिसला नीट सोल्डर झाला नसेल तर सेट शिट्ट्या मारतो. असे सेट किती आले असतील! गिऱ्हाईक म्हणायचं, वॉल्व्ह गेला वाटते. मी कावीया, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री, तापवून एक टाका मारायचो. मॉरिट्सेनसाहेबांच्या खोलीला तोच टाका लागला होता.

पक्ष्यांना नडत होते ते पत्र्यानं अडलेले, साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधले रेडिओचे तरंग. म्हणजे आपला अख्खा मीडियम वेव्ह त्यात आला. मोबाइलचे तरंग याच्या कितीतरी वर असतात. आता आकाशवाणीवर बालंट येतं की काय, म्हणून मी जरा धास्तावलो होतो. पण त्याच मंडळींच्या २०१६ च्या कामात निघालं, की एकाच फ्रीक्वेन्सीच्या जोरदार सिग्नलपेक्षा पट्टाभर पसरलेली क्षीण खरखर पक्ष्याला जास्त भोवते. खरखर! जिच्यापायी मी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, तीच. तेव्हा ट्यूबलाइटच्या चोकमधून यायची, आता स्वस्त एलईडी आणि चार्जरमधून येते.

पुढची गोष्ट पुतणीनं दोनदा सांगितली तेव्हा कुठे डोक्यात शिरली. पक्ष्याच्या डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन उड्या मारतो आणि दोन एकांड्या इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते. ही जोडी पुढे कशी निभावते, त्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा असर पडतो. हे क्षेत्र फ्रिजवरच्या लोहचुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याएवढंही नसतं. क्लाउस शुल्टेन या शास्त्रज्ञांनी अशा जोडीची कल्पना १९७८ मध्येच मांडली होती. २०२१ मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ जीवाणूंकडून बनवून घेऊन ऑक्सफर्डला तपासलं, तर ते खरंच चुंबकाला दाद देतं. कोंबडी आणि कबुतराचं तेच प्रथिन त्यामानानं मठ्ठ निघालं. पण हे झालं काचेच्या नळीतलं. जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात हेच घडतं, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. पुतणी हे सांगताना आवाज खाली आणते, मास्तरांचा धाक असेल.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं. पत्र्यानं खरखर अडते, मग पृथ्वीचं चुंबकत्व कसं अडत नाही? म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात होकायंत्र टाकलं, झाकणाला नुसती फट ठेवून टॉर्चनं पाहिलं. सुई उत्तरेलाच. डबा फिरवला, तरी उत्तरेलाच. स्टीलच्या डब्यात हे करू नका, बरेचसे चुंबकाला ओढतात. अ‍ॅल्युमिनियम बदलत्या क्षेत्राला आडवं येतं, स्थिर क्षेत्राला वाट देतं. ओल्डेनबर्गची सगळी करामत यातच होती.

रविवारी पुतणीला घेऊन गोरेवाडा तलावावर गेलो. ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवला होता. रस्त्यावर दिव्यांखाली घरघर, विजेच्या तारांखाली तडतड, आणि पाण्याकडे चालत गेलो तशी ती बारीक होत होत नुसता श्वासासारखा आवाज उरला. निळ्या गळ्याचा शंकर पाहायचा होता, रॉबिनचा दूरचा भाऊबंदच तो, हिवाळ्यात इकडे येतो. लव्हाळ्यात तासभर टक लावून बसलो, दिसला नाही.

घरी येऊन पाहतो, तर बायकोनं डबा पुन्हा पिठानं भरून टाकला होता. होकायंत्र आतच होतं.