अपॉस्टिल कुठल्या राज्याचं?

आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी कागदोपत्री डेलावेअरची, पण कारभार सगळा न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या घरातून चालतो. तिची उपकंपनी पुण्यात काढायचं ठरलं. पुण्याच्या सीएंनी तिकडची बाजू चोख सांभाळली. माझा जीव खाल्ला तो एका पानाच्या बोर्ड रेझोल्यूशनने, म्हणजे संचालक मंडळाच्या ठरावाने.

सीएंची यादी सरळ होती: मूळ कंपनीचं इनकॉर्पोरेशन सर्टिफिकेट (स्थापनेचा दाखला), बोर्ड रेझोल्यूशन, माझा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा. अमेरिका आणि भारत (२००५ पासून) दोघेही हेग करारात असल्याने या कागदांना अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकार जोडतं ते प्रमाणपत्र, पुरतं, भारतीय वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. एडिसनमध्येच नोटरी करून घेतली आणि एक एजन्सी गाठली. त्यांनी विचारलं, कंपनी कुठली? म्हटलं, डेलावेअरची. "मग सगळं डोव्हरला पाठवतो." डोव्हर ही डेलावेअरची राजधानी. मी पैसे भरले आणि निर्धास्त झाले.

पुढे तीन आठवडे फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. इनकॉर्पोरेशन सर्टिफिकेटला अपॉस्टिल लागलेलं, बाकी तिन्ही कागद गेले तसे परत. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: नोटरी या राज्याची नाही.

त्या रात्री मी अपॉस्टिलचा तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. वर फ्रेंचमध्ये मथळा, खाली दहा क्रमांक. दुसऱ्या क्रमांकावर सही कोणाची, तिसऱ्यावर ती कोणत्या अधिकाराने केली. बस्स. तुमच्या ठरावात काय लिहिलंय याच्याशी अपॉस्टिलला काही देणंघेणं नसतं, ते फक्त सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. आमच्या सर्टिफिकेटच्या प्रमाणित प्रतीवर डेलावेअरच्याच सेक्रेटरी ऑफ स्टेटची सही, म्हणून ते डोव्हरला झालं. त्याला वेगळी नोटरी लागतही नाही. पण रेझोल्यूशनवर सही होती न्यू जर्सीच्या नोटरीची. ती ओळखणार न्यू जर्सी सरकार, म्हणजे त्या राज्याची राजधानी ट्रेंटन. कंपनी कुठली हा प्रश्नच चुकीचा होता. नोटरी कुठला, हे विचारायला हवं होतं. शिक्क्यावर 'न्यू जर्सी' ठळक उमटलेलं होतं. रोज हेच काम करणाऱ्या माणसांना ते दिसू नये, याचा मला आजही संताप येतो.

कारण नुकसान नुसतं चार आठवड्यांचं नव्हतं. पत्त्याचा पुरावा दोन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, आणि माझं वीजबिल तोवर शिळं झालं. नवं बिल, परत नोटरी. त्यात पुण्यात राखून ठेवलेलं कंपनीचं नावही गेलं, कारण मुदत वाढवून घेतली नाही तर नाव २० दिवसच राखलं जातं. तेव्हा कागद हातात पडल्याशिवाय नावाचा अर्ज करूच नका. आम्ही उलट केलं होतं.

दुसऱ्या खेपेला एजन्सी नको म्हटलं. परतीसाठी टपाल तिकीट लावलेलं पाकीट आत घालून मी स्वतः ट्रेंटनला पोस्टाने पाठवलं. तिन्ही कागद अपॉस्टिल होऊन आले, तेव्हा मी दारातच पाकीट फोडलं.

एक राहिलंच. नोटरीकडे ओळख म्हणून आपण ड्रायव्हिंग लायसन्स दाखवतो, त्यावर माझ्या वडिलांचं नाव नाही. पासपोर्टवर आहे. पुण्याला सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं, म्हणून नोटरीला पासपोर्टच दाखवा आणि सहीखालचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच बघा.

कागद स्कॅन करायला बसले तेवढ्यात सीएंचा फोन आला. "ताई, स्टेपल काढलं नाहीत ना? अपॉस्टिल सुटं झालं की पुन्हा पहिल्यापासून." स्टेपल उचकटायची पिन माझ्या हातातच होती. ती खाली ठेवली आणि पानं तशीच वळवून एकेक स्कॅन केलं.