सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट

म्हापशाला जून लागला की घरातल्या सगळ्याच वस्तूंना ओल धरते. पुस्तकं, चपला, पेटीचा भाता. यंदा माझ्या गिटारच्या ट्यूब अँपचीही, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (ट्यूबवर) चालणाऱ्या अँप्लिफायरचीही पाळी आली. पंधरा वॅटचा हा अँप मी हणजूणला, मायदेशी परत निघालेल्या एका प्रवाशाकडून सेकंडहँड घेतला होता. आत १२एएक्स७ जातीच्या तीन छोट्या ट्यूब आणि आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, ईएल८४ जातीच्या दोन. थोडा गुणगुणायचा आधीपासूनच, पण आता गिटारला हात न लावताही घूंऽऽ, त्यात भर्रर्र, मध्येच चटचट. आणि चतुर्थीत मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचं कबूल करून बसलेलो.

एका दुकानात विचारलं तर सांगितलं, "प्लगची अर्थची पिन काढून टाक, जाईल." हे कुणीही, कधीही करू नका. आत कुठे इन्सुलेशन गेलं तर अँपची बॉडी, गिटारच्या तारा आणि वाजवणाऱ्याचे हात, सगळीकडे २३० व्होल्ट. तेही ओल्या फरशीवर उभं राहून.

मग शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांची हयात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. ट्यूबला ते अजून व्हॉल्व्हच म्हणतात. त्यांनी अँप उघडूच दिला नाही. म्हणाले, "आधी ऐक रे. एकेक काढत जा आणि आवाज बंद कुठे पडतो तेवढं बघ."

गिटारची आणि पेडलची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीची) वायर काढली. भर्रर्र गेली. पेडलचा अडॅप्टर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला होता. दोन वाटांनी अर्थ मिळून लूप झाला होता. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं, तो प्रश्न मिटला.

घूं मात्र तशीच. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. काकांनी गिटार दुसऱ्या, साध्या अँपला लावायला सांगितली आणि म्हणाले, "ह्या घूंचा सूर काढ." सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या गळ्यावरची आडवी पट्टी), म्हणजे जी ह्या सुरावर, तो जवळजवळ जुळला. जवळजवळच, कारण दोन्ही आवाज मिळून सेकंदाला दोनदा हेलकावे घेत होते. हा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे घूं १०० ची. घरातली वीज ५० हर्ट्झची, पण रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू सरळ करतो, म्हणून पॉवर सप्लायचा लहरा दुप्पट, १०० चा. घूं एक सप्तक खाली असती तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी किंवा अर्थ लूप बघावा लागला असता. नुसत्या कानानं एवढं कळतं ह्याचं मला अजून नवल वाटतं.

अँप बंद करून, गार होऊ देऊन पहिला व्हॉल्व्ह काढला. चालू केल्यावर चटचट बंद, घूं आहे. फेज इन्व्हर्टरचा, म्हणजे आउटपुटच्या दोन व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा काढला, तरी आहे. ईएल८४ ची अदलाबदल केली, फरक नाही. संशय राहिला फिल्टर कपॅसिटरवर, पॉवर सप्लायचा तो लहरा सपाट करणाऱ्या भागावर.

आता अँप उघडला, तोही काकांच्या हातून. प्लग काढून पाच मिनिटं झाली होती, तरी मीटरवर १८० व्होल्ट! व्हॉल्व्ह काढलेले, त्यामुळे चार्ज निघून जायला वाटच नव्हती. काकांनी एक हात पाठीमागे ठेवला, दुसऱ्यानं १० किलोओहमचा जाड रेझिस्टर क्लिपनं लावला आणि आकडा शून्यावर येईपर्यंत मीटरवरून नजर हलवली नाही. पहिल्या कपॅसिटरची टोपी फुगली होती, बुडाशी तपकिरी डाग. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा, प्लस-मायनस दोनदा तपासून टाकला. घूं गेली.

राहिली चटचट. पहिल्या जागी नवा १२एएक्स७ घातला तरी ती परत आली, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हे. फडक्यानं धरून तो सॉकेटमध्ये हळूच हलवला तर स्पीकर कडकडला. पुन्हा सगळं डिस्चार्ज करून टॉर्च मारला. नऊच्या नऊ भोकांत हिरवट बुरा. देवाच्या तांब्याच्या भांड्यांवर पावसाळ्यात चढतो, अगदी तोच. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश घेऊन अर्धा तास घासलं, सैल पडलेल्या पट्ट्या सुईनं आवळल्या.

त्या रात्री अँप तासभर चालू ठेवला. बाहेर पाऊस थांबला होता आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. जुना व्हॉल्व्ह पुन्हा पहिल्या जागी लावून त्यावर पेन्सिलीच्या रबरानं टिचकी मारली तर स्पीकरमधून टणत्कार येत होता, मायक्रोफोनिक झालाय तो, म्हणजे धक्काही मायक्रोफोनसारखा उचलतो. फेकायची गरज नव्हती. पहिल्या जागेवरचा आवाज पुढे कैकपट वाढतो, फेज इन्व्हर्टरच्या जागी तेवढा वाढत नाही. तिथे बसवला, आणि चतुर्थीत तो तिथेच वाजला.