पट्ट्यावरचा भार

संग्रहालयांसाठी मी शोकेस, वस्तूंचे आधार आणि माहितीफलक बनवतो. बाहेरून हे सुतारकाम आणि छपाई वाटतं, पण अर्ध्याहून जास्त जीव जातो तो माल निवडण्यात. बंद काचेच्या आत एमडीएफमधून, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीतून, ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि ती शिसं नि शिंपले खाते. लोकरीच्या अस्तरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक चाचणी मांडली. आज ती अशी करतात: मालाचा नमुना आणि चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे दमट हवेत, ६० अंशांवर २८ दिवस कोंडून ठेवायचे. धातूला डाग पडला की माल बाद. या वेळी ठेकेदाराने पावडर कोटिंगच्या ॲल्युमिनियमऐवजी लॅमिनेट लावलेल्या एमडीएफच्या बैठका पाठवल्या, वर म्हणतो, "दिसायला सेमच आहे." मी सगळ्या परत पाठवल्या. अशा लोकांना संग्रहालयाचं काम देऊच नये.

पण अजून डोक्यात घोळतेय ती पाठीवर वाहायची टोपली. बांबूच्या पट्ट्यांची वीण, काठाला सालीच्या धाग्यांचा रुंद कपाळपट्टा, कपाळावर अडकवून ओझं पेलायचा. डिझायनरने सगळ्या टोपल्या उंचीप्रमाणे एका रांगेत, सरळ उभ्या दाखवल्या होत्या. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस १८८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या ओटिस मेसन यांच्याशी याच मांडणीवरून भांडले होते. सारख्या वस्तू एकत्र लावल्या की ज्यांनी त्या केल्या ती माणसं हरवतात, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. तरी आराखडा मंजूर होता, त्याप्रमाणे बसवलं. प्रकाशही मोजून ५० लक्सवर आणला.

उद्घाटनाआधी या टोपल्या ज्या समाजाच्या, त्यातल्या दोन बायका मांडणी बघायला आल्या. त्यातल्या आजी टोपलीपुढे बराच वेळ थांबल्या. मग कमरेत वाकल्या, दोन्ही हात मागे नेले, मान ताठ केली. "हा पट्टा लोंबतोय बघ, दादा. अशी टोपली रिकामी नसते, टाकून दिलेली असते."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. टोपली तिरकी हवी, पट्टा ताणलेला हवा. पण संवर्धक मॅडमनी ठाम नकार दिला, आणि तोही रास्तच. धागे वाळून कडक झाले होते, जरा ताण पडला असता तरी तुटले असते.

संध्याकाळी नवा आधार करायला घेतला. वस्तूला लावून सळई कधीच वाकवायची नसते, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापला. मग पाच मिलिमीटरची पितळी सळई टोपलीच्या आतून तळाशी नेली आणि सगळा भार तिच्यावर घेतला. पट्ट्यासाठी कपाळाच्या वळणाची वेगळी पट्टी केली. चांदीची झाळ दिली, सांधे कानशीने घासले आणि फ्लक्स, म्हणजे झाळ नीट धरावी म्हणून लावलेलं रसायन, गरम पाण्याने पूर्ण धुतला, कारण तो राहिला की पितळ हिरवं पडतं. वर पॉलिएस्टर फेल्ट. शेवटी पट्टा आणि फेल्ट यांच्यामध्ये टिश्यू कागदाची चिंधी सरकवली. ती कुठेही न अडकता आरपार गेली. म्हणजे समोरून पट्टा टोपली पेलताना दिसत होता, आणि त्यावर भार मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजींनी पाहिलं, मान हलवली. मला फार बरं वाटलं. मॅडमही खूश होत्या.

तरी प्रश्न सुटलेला नाही. बघणाऱ्याला वाटणार, पट्टाच भार घेतोय. आधार लपवणं हे माझं कामच, पण लोकांना आपण काय दाखवतोय ते सांगायला नको का? फलकावर एक ओळ टाकू या, असं मी सुचवलं: "नाजूक पट्ट्यावर ताण येऊ नये म्हणून टोपलीचा भार आतल्या धातूच्या आधारावर आहे." क्युरेटरचं म्हणणं, लोकांनी टोपली बघावी, सळई नव्हे. माझ्या मते ती ओळ वाचूनच लोक टोपली नीट बघतील, पट्टा का जपला तेही त्यांना कळेल. फलक ॲल्युमिनियमवर थेट छापलेला आहे, म्हणजे नवाच करावा लागेल. तो मी करून द्यायला तयार आहे. मजकूर परत पाठवलाय, उत्तर यायचंय.